इर्तिरूची मांजर

पेर-बास्तच्या देवळामागे, कालव्याच्या काठी
माझा कट्टा. खार, राळ, जवसाच्या कापडाच्या चिंध्या,
आणि वीस वर्षांत नाकाला सवय न झालेला
एक वास.
मी मांजरं गुंडाळतो.

यात्रेत होड्या भरभरून माणसं येतात.
बायका खुळखुळे वाजवतात, काठावरच्यांना शिव्या घालतात,
द्राक्षाच्या दारूनं जिभा सैल.
ज्याला त्याला देवीच्या पायाशी ठेवायला मांजर हवी.
इतकी आणायची कुठून?
मुकादम वाहिब्रे म्हणतो, आत कोण बघतंय?
मग एखादं हाड, मूठभर चिखल, बोरूची काडी,
वरची वीण मात्र चोख,
तपकिरी, पांढरी, चौकटीत चौकट,
आणि शाईचे दोन डोळे.
देवी काही बोलत नाही.
देवळातल्या जुन्या मूर्तीचा एक कान तुटलाय,
आमच्या बाजूचा तोच असावा.

इर्तिरू आली ती यात्रा पांगल्यावर.
भुवया भादरलेल्या. सोबतच्या नवऱ्याच्याही,
कडेवरच्या पोराच्यासुद्धा.
हात रिकामे.
म्हणाली, पूर चढताना गेली, ओसरला तरी आली नाही.
कोठारातले उंदीर आता दिवसाढवळ्या फिरतात.
तिच्या मापाची बांधून दे. आत काही घालू नकोस.

म्हटलं, एखादं हाड घालतो, जरा वजन येईल.
दुसरीचं हाड? ती तर
दुसरीच्या थाळीतलं दूधही प्यायची नाही.

मग तिनं हातांनी दाखवली :
एवढी. नाही, पाठ अजून थोडी लांब.
बसली की शेपटी पायांभोवती घ्यायची, अशी.
आणि डावा खांदा किंचित खाली.
तिनं हवेत मांजर ठेवली,
मी भोवतीनं पट्टी फिरवत गेलो,
सावकाश, कुठं दुखू नये तशी.

शेवटचं टोक खोचलं. तराजूत घातली असती
तर समोरचं पीस जड भरलं असतं.
एवढं खरं काम माझ्या हातून
आधी झालं नव्हतं.

शाईची वाटी ओढली, तसा तिनं हात धरला.
डोळे नको काढूस.
परत आली तर तिचे तिला लागतील.

मोल म्हणून एक सुका मासा ठेवून गेली.
सकाळी कट्ट्यावर मासा नव्हता.
वाहिब्रेवर संशय घेता आला असता.
नाही घेतला.