दहा पानांची जुडी

मिर्यांगच्या श्रम कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मी दोन खुर्च्यांच्या मधे बसते, जराशी मागे.
दुभाष्याची खुर्ची नेहमीच जराशी मागे असते.
डावीकडे थाव्री,
उजवीकडे मालक ग्वाक, धुतलेल्या बुटांत.
वर येण्याआधी थाव्रीनं एकच विचारलं होतं,
या इमारतीला दारं किती?

नाव. कामावर लागल्याची तारीख. काम सुटल्याची तारीख.
व्हिसा कधी संपला, हा प्रश्न अर्जात नाही.
तो ग्वाकनं विचारला, छताकडे बघत.
म्हणाला, जी बाई या देशात असायलाच नको होती
तिची नोकरी संपली म्हणून पैसे द्यायचे?
आधी ती होती हे तरी ठरवा.

हे वाक्य मी ख्मेरमध्ये आणलं
भरलेली वाटी आणावी तसं, न सांडता.
थाव्रीनं ऐकून घेतलं
आणि पिशवीतून शाळकरी वही काढली,
मुखपृष्ठावर टोपी घातलेलं अस्वल.

दहा पानांची एक जुडी.
शंभर जुड्यांची एक पेटी.
पेटीमागे एक रेघ.
रोज पंधरा रेघा, कधी सतरा,
ताप आला त्या दिवशी नऊ, आणि शेजारी काहीतरी खोडलेलं.
पेरिलाचा रस अंगठ्याला बसतो तो निघत नाही,
पानापानावर काळपट ठसे होते,
सही नव्हती कुठेच.

ती रात्रीही झोपायची उजेडात.
झाडाला फूल येऊ नये
म्हणून त्या प्लास्टिकच्या शेडमध्ये रात्रभर दिवे लावतात.
फूल आलं की पान संपतं.
हे तिनं मला चहा पिताना सांगितलं होतं,
तक्रार म्हणून नाही, शेतीची माहिती म्हणून.

निरीक्षक बाईंनी रेघा मोजल्या नाहीत,
चाळल्या फक्त.
मग बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात म्हणाल्या,
व्हिसा बघणारं खातं वेगळं. इथे काम केलं की नाही एवढंच बघतात.
वर्षाला तीस दिवसांचा पगार.
सहा वर्षं, चार महिने.
एक कोटी एक लाख वॉन, वरचे सुटे धरले नाहीत.

ग्वाक म्हणाला, शेडमागच्या कंटेनरचं भाडं कापा.
बाई म्हणाल्या, भाडेकरार?
तो खिसे चाचपू लागला.
त्या खोलीत इतक्या वेळानं
कागद नसलेला माणूस उजव्या खुर्चीवर सापडला.
मला हसू आलं. दुभाष्यानं हसायचं नसतं.

बँकेचं खातं तिचं केव्हाच गोठलेलं,
म्हणून रोख.
अर्धे आज, अर्धे पुढच्या महिन्यात,
तोवर पुन्हा तोंडाला पानं पुसली नाहीत तर.

बस स्थानकावर तिनं विचारलं,
या पैशांना आपल्यात काय म्हणायचं?
आमच्या भाषेत त्याला धड शब्द नाही.
मी म्हटलं, निघतानाचे पैसे.
ती म्हणाली, पण मी कुठे निघालेय?
नोन्सानला कुणी स्ट्रॉबेरीवाला आहे,
तो काही विचारत नाही म्हणे.
म्हणजे तिथे पुन्हा पहिला दिवस, पहिली रेघ.

मग पाठ भिंतीकडे करून तिनं पाकीट उघडलं.
पन्नास हजारांच्या नोटा,
सगळ्यांची तोंडं एका बाजूला करून,
दहा झाल्या की दहावी वरून दुमडून.
बोटं इतकी भरभर चालत होती
की मी मोजायचं सोडून दिलं.

दहा जुड्या, ती म्हणाली.
आणि थोडा वेळ तशीच बघत राहिली त्यांच्याकडे.
एक पेटीसुद्धा भरली नसती.