हनुवटीची रेघ

धंतोलीत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री साडेनऊला
मी उरकुडेंच्या डोक्याला टेप लावते,
नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत,
शिंप्यानं टोपीचं माप घ्यावं तसं.
लाल पेन्सिलीच्या खुणा, पांढरी पेस्ट, बावीस वायरी.
"नवरदेव केलं का मले," ते म्हणतात.
बाहेर मे महिना. भिंतीला हात लावला
तर दुपार अजून आतच आहे.

डोळे डावीकडे फिरवा. उजवीकडे.
दात खा. पाय हलवा. आता घोरून दाखवा.
"ते त हिले विचारा."
पार्बताबाई हसत नाहीत.
त्यांच्या मनगटावर पिवळं पडत आलेलं निळं,
बांगड्या त्यावर ओढून घेतलेल्या.
"चाळीस वर्सात यायनं हात नाई उगारला,
लिहून घ्या तसं."
फॉर्ममध्ये त्याला रकाना नाही.
मी समासात लिहिते.

एसीत झोप येईना.
"कूलर नाई का तुमच्याइथं?"
मग बाईंनी मोबाइल काढला:
घरचा कूलर, मुद्दाम रेकॉर्ड करून आणलेला,
टाकीत पडणारं पाणी, मध्येच गल्लीतलं कुत्रं,
मध्येच त्यांचाच आवाज, मोटर बंद करा वो.
अकरा वाजून सहा मिनिटांनी
त्या घरघरीत एक माणूस विरघळला.

मी पलीकडच्या खोलीत. पडद्यावर रेघा,
आधी दाट, मग विसविशीत,
मग चातीवर सूत गुंडाळावं तशा फुगीर,
मग लांब लांब लाटा. अंबाझरीच्या नव्हेत,
समुद्राच्या, जो उरकुडेंनी पाहिलेला नाही.

सव्वातीनला पापण्यांखाली डोळे पळू लागले.
स्वप्न सुरू झालं की मेंदू अंगाला बाहेरून कडी घालतो,
म्हणून तर आपण विहिरीत पडतो
आणि गादीवरच सापडतो.
हनुवटीची रेघ सपाट व्हायला हवी.
झाली नाही.

हात वर आले. दोन्ही.
हवेत एक मोठं चाक धरलं आणि फिरवू लागले,
कोराडीला एकतीस वर्षं फिरवलं तसं,
खांद्यातून, दम घेत.
"लखन, हट! हट ना बे!"
वाफ मला दिसत नव्हती,
तरी मी खुर्ची मागे सरकवली.
अकरा मिनिटं. मग व्हॉल्व बंद झाला असावा.
हात छातीवर आले, एकेक करून,
पाळी संपवून घरी आल्यासारखे.

चारनंतरचं माझं मी कुणाला सांगत नाही.
डोळे उघडेच असतात.
रेघांच्या जागी काटोलकडची बाग, ओळीनं संत्र्याची झाडं,
आणि मागून कुणीतरी माझं लहानपणीचं नाव घेतं,
अगदी स्पष्ट.
वळले तर फ्रीज.
माझ्या डोक्याला वायर नाही, म्हणून नोंद नाही.

सहाला वायरी काढल्या.
"बेस झोप लागली बाई. सपन-गिपन काही नाई."
मग तळवे बघत,
"हात काहून दुखून राहिले पण?"

झोपेत होतं, मी पार्बताबाईंना सांगते. फक्त झोपेत.
त्यांनी बांगड्या मागे सारल्या.
पुढचं डॉक्टर सांगतील:
ही सुटलेली कडी म्हणजे कधी कधी
पुढच्या दहा वर्षांचं आगाऊ आलेलं पत्र असतं,
थरथरत्या अक्षरातलं.
कधी कधी. नेहमी नाही.
मी उरकुडेंच्या हातातल्या कपाकडे बघते.
चहा हलत नाही. मी पुन्हा बघते.

लिफ्टपाशी बाई हळूच,
"काही बोलले का?"
लखन, मी म्हणते.
त्या थांबल्या. लिफ्ट येऊन गेली.
"वाचला होता तो," म्हणाल्या.
"पोरीच्या लग्नात जेवून गेला आमच्या.
दिवसा ठाऊक हाये यायले.
रात्री पटत नाई."