लाल

हेल्तेर्मा बंदर, पहाटेचे साडेतीन.
बाहेर समुद्र गोठलेला,
आत फेरीच्या तिकिटांचा प्रोग्राम लाल.
पडद्यावर एवढंच:
अपेक्षित खरे, मिळाले खोटे.

कुणाचं खरं? कसलं खोटं?
निरोप्यानं दारात येऊन “वाईट झालं” म्हणावं
आणि कुणाचं ते न सांगता
जिना उतरून जावं, तसं.

लेलो खाली सरकते. एकशे बारावी चाचणी.
तीही लाल, पण ही बोलते:

“बर्फावरचा रस्ता खुला असेल त्या दिवशी
फेरीचं भाडं शून्य हवं. आलं चौदा युरो.
आधी तारखा बघ. हिवाळा वर्ष ओलांडतो,
हे मी दोनदा विसरलोय. आर्वो.”

आर्वो गेल्या मार्चात नोकरी सोडून
मधमाश्या पाळायला गेला.
चार वर्षं शेजारी बसला,
हवामानाबद्दलसुद्धा बोलला नाही.

ती तारखा बघते.
लहान-मोठ्याचं चिन्ह उलटं. एक ओळ.
दोन्ही हिरव्या.

कोट चढवते, एक बाही तशीच लोंबती ठेवून
पुन्हा बसते त्या पहिल्या, मुक्या चाचणीपाशी.
लिहिते:
“तू जो कोणी असशील, आधी”

हीटर टकटकतो.
आधी काय?