अठरा मिनिटं

हर्णैच्या थिएटरला पत्र्याचं छप्पर होतं,
शेजारी बर्फाचा कारखाना.
त्याचं मशीन धापा टाकू लागलं
की पडद्यावरचे ग्रहतारेही थोडे थरथरायचे.

मी रिळं गुंडाळायचो. धाकू पावसे ऑपरेटर.
त्याच्या बोटांना फिल्म जोडायच्या सोल्यूशनचा वास;
बायको म्हणायची, यापेक्षा सुके बोंबील बरे.

त्या वर्षी ते अवकाशयानाचं पिक्चर आलं,
हिंदीत बोलणारं, पोस्टरभर आग.
लांबी दोन तास एकवीस मिनिटं,
आणि आंजर्ल्याची शेवटची एसटी पावणेदहाला.
मुकादम शेठनी बोटांवर हिशोब केला:
अठरा मिनिटं काढ.
काय काढू?
जिथं काही होत नाही, ते काढ.

काही होत नाही ते शोधत आम्ही रात्री बसलो.
लगेच सापडलं, तिसऱ्या रिळात.
निघायच्या आदल्या रात्री पायलट बाई बापाकडे जाते.
बाप पाव खातो, सूपात बुडवून.
बरणीचं झाकण निघत नाही,
ती बाहीत धरून फिरवते, तरी नाही.
राहू दे, बाप म्हणतो, तसाही उतरतो घास.
मग उठून बशी धुतो. बराच वेळ धुतो.
धाकूनं कात्री लावली,
तुकडे बिस्किटाच्या डब्यात ठेवले.

पिक्चर जोरात चाललं. शिट्ट्या, चिल्लर.
शेवटी ती यान घेऊन सूर्यात शिरायची
तेव्हा मागच्या रांगा चपला शोधत असायच्या.

खोटं कशाला बोलू, मलाही स्फोट आवडायचे.
अजून आवडतात.
पत्रा हादरायचा, तो दाढेत कळायचा.

मग एका रात्री फाट्यावर एसटीचा अ‍ॅक्सल तुटला.
शेठ दापोलीला लग्नात.
धाकूनं काही न बोलता डबा उघडला.

आधी बोंब झाली. ए धाकू, पुढं ने रं!
कुणी पत्र्यावर थापा मारल्या, कुणी पैसे परत मागितले.
तेव्हा बायकांच्या बाजूनं हिरा चोगले ओरडली,
लिलावात ओरडायची तशी:
गप रं मेल्या, तिचा बाप जेवतोय!

तिचा नवरा तेव्हा दर्यात होता का, आठवत नाही.
लोक तसा अर्थ लावतात, म्हणून सांगून ठेवतो.
एवढं खरं की नंतर बर्फाचं मशीन ऐकू येत होतं,
आणि बरणीपाशी
पुढच्या बाकावरच्या एकाने नकळत मूठ पिळली.

शेवटी सूर्य नेहमीसारखाच फुटला.
शिट्ट्याही झाल्या.
फक्त उजेड लागल्यावर एक पोरगा विचारत होता,
आता म्हाताऱ्याला कोण सांगणार?
त्याच्या आईनं त्याचं शर्टाचं बटण लावलं,
उत्तर दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटी दुरुस्त.
कात्री पुन्हा.

आता तिथं जाळी ठेवतात, थर्माकोलच्या पेट्या.
धाकू गेला; डबा माझ्याकडे आला,
बहुतेक फिल्म चिकटून तिचा गोळा झालेला.
एक तुकडा तेवढा सुटा निघाला, हातभर.
हातभर म्हणजे चोवीस चौकटी, एक सेकंद.

कधीतरी खिडकीत धरतो, मागे बंदर दिसतं.
पहिल्या चौकटीत बापाचा हात बशीजवळ.
बोट सरकवत मोजत जातो.
चोविसाव्या चौकटीतही
जवळजवळ तिथंच.