छत्तीस किलो

सकाळी सव्वासातला ग्रुपवर एक पीडीएफ आली :
'सर्व शिक्षक बंधुभगिनींसाठी अत्यंत उपयुक्त. पुढे पाठवा.'
मी केएमटीत होते, वडणग्याच्या वाटेवर,
मांडीवर डबा, डब्यावर फोन.
शिवाजी पूल ओलांडेपर्यंत रेंज टिकली,
तेवढ्यात उतरवून घेतलं.

असलं खूप साठलंय माझ्याकडं.
अपूर्णांकांचा बत्तीस मिनिटांचा व्हिडिओ,
त्यातल्या बाईंचा आवाज इस्त्री केलेला.
कापायचे, दुमडायचे, चिकटवायचे नमुने.
एक बोलका पृथ्वीगोल,
तो आमच्या वर्गात आफ्रिकेपाशी अडकतो
आणि पोरं त्याला 'चल चल' म्हणून ढकलतात.
आपण नाही का ठेवत प्लास्टिकच्या पिशव्या
पिशवीतल्या पिशवीत,
कधीतरी लागतील म्हणून.

मधल्या सुट्टीत उघडली.
पहिलंच गणित :
एका आदणाला गुळाचे आठ रवे.
दिवसाला सहा आदणं.
एक रवा तीस किलोचा.
तर दिवसाचा गूळ किती?

हे माझं होतं.
लॉकडाऊनमधलं. ओट्यावर उभ्यानं टाइप केलेलं,
एक डोळा दुधावर ठेवून.
खाली नाव घातलं होतं,
शैलजा नलवडे, विद्या मंदिर.
ती ओळ कुणीतरी कातरली होती.
वर कुणीतरी मोर चिकटवला होता,
कोपऱ्यात कुणीतरी नाचणारी पेन्सिल,
आणि शेवटी एक गणित वाढलेलं, मोहाच्या टोपल्यांचं,
त्याखाली : दिलवर वसावे, अक्कलकुवा. आणि नंबर.

मला राग आला का?
आला. चहा निवेपर्यंत होता.

मग झेरॉक्स काढून पाचवीत वाटलं.
कुणाचं आहे ते सांगितलं नाही.
वेदिका चौगुले कागद उलटा धरून बसलेली,
तळाशी उलटी छापलेली उत्तरं वाचत. मी दटावणार,
एवढ्यात म्हणाली,
'बाई, गूळ कमी भरलाय.
ह्यात चौदाशे चार हाय. आमचं चौदाशे चाळीस येतंय.
छत्तीस किलो गेला कुठं?'

फळ्यावर करून बघितलं.
पुन्हा केलं, बोटं मोडून.
चूक माझीच. दूध उतू गेलं असणार त्याच क्षणी.
आणि ती इतकी वर्षं मोर आणि पेन्सिल लावून
जिल्ह्याजिल्ह्यातून हिंडत होती,
माझं नाव गळालं तिथंही
ती मात्र शाबूत.

संध्याकाळी लावला तो नंबर.
मागं कोंबडी ओरडत होती, बहुतेक कुणीतरी धरलेली.
म्हटलं, सर, पहिल्या गणितात चूक आहे.
'हो, माहिती आहे,' वसावे सर म्हणाले,
'मुद्दाम ठेवली. माझ्या पोरांना
छापलेलं खोटं असू शकतं हे
दुसऱ्या कशानं पटेना.
पण मॅडम, एक विचारायचं होतं कुणालातरी.
आदण म्हणजे काय?'

मग पाऊण तास मी त्यांना गुऱ्हाळ सांगितलं.
काहील, चुलवण, भेंडीचं पाणी,
वर येणारी मळी, सायीसारखी काढून टाकायची ती.
त्यांनी मला मोह सांगितला,
पहाटे वेचायचा, उन्हं चढायच्या आत.
भाजी करपली.

रात्री लॅपटॉप उघडला. दुरुस्त करायचं म्हणून
शून्यापाशी कर्सर नेला.
तो तिथंच लुकलुकत राहिला.

सकाळी वेदिका दारातच उभी.
तिचा आजा गुळव्या, चाळीस हंगाम काहिलीसमोर काढलेला.
तिनं त्याला कागद वाचून दाखवला होता,
उत्तरासकट.

'आजा म्हणला, छत्तीस किलोचं काय घिऊन बसलाय.
गुऱ्हाळावर आलेल्याला
कोण रिकाम्या हातानं धाडतंय व्हय?
तेवढा खाण्यात जातोयच.
तुमच्या बाईंनी बरोबर धरलाय.'