पिलबाग

मुलाखतीत त्यांनी विचारलं,
पडद्यावर तिघं, तीन देशांतली, एकाच्या खिडकीमागे बर्फ,
भांडण मिटताना तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलंत?
मी सावद्यात, सायबर कॅफेत, डोक्यावर पंखा खटखटतोय,
आणि तोंडातून निघालं ते एवढंच:
माझे बा केळीच्या काट्यावर असतात.

मग सांगतच बसले.
शेतकरी म्हणतो वजन कमी धरलं,
व्यापारी म्हणतो घड ओले करून आणलेत,
आवाज चढतात, कोणाची तरी आई निघते,
आणि जुम्मा तडवी हात वर करून म्हणतो,
थांबा हो, काटा हलतोय अजून.
काटा थांबेस्तोवर कोणी बोलायचं नाही.
कधी कधी बा हळूच पाय टेकवायचे फळीला,
म्हणजे अजून थोडा हलत राहील.
हे शेवटचं मी सांगितलं नाही.

शिष्यवृत्ती मिळाली.

तिकडे दुपारी तीनला रात्र व्हायची.
मागणी वेगळी, गरज वेगळी, हे फळ्यावर शिकले.
मला एकदा बंडखोरांचा सेनापती केलं,
बुरुंडीचा इमॅन्युएल झाला सरकार.
खऱ्या युद्धात तो कोणत्या बाजूला होता
ते त्यानं सहा महिन्यांनी सांगितलं,
भांडी घासताना, नळ मुद्दाम सोडून ठेवून.

लूस कोलंबियाची. तिच्याही गावाला केळीच केळी.
मी म्हटलं, आमच्याकडे वैर असलं की
रात्रीतून बाग कापतात. हजार हजार खोडं,
ऐन निसवणीची.
ती कपातल्या चहाकडे बघत राहिली.
आमच्याकडे बाग तशीच ठेवतात, म्हणाली.
त्या दिवशी दोघींनीही निबंध लिहिला नाही.

परतले तेव्हा काटा इलेक्ट्रॉनिक झालेला.
लाल आकडे, लगेच.
बा आता पावत्या फाडतात.

पहिलंच प्रकरण सुपडू फिरके आणि लीलाधर,
चुलतभाऊ, बांधाखालून जाणारी एक पाइपलाइन,
आणि अकराशे खोडं एका रात्रीत आडवी.
कोणी कापली ते गावाला माहीत,
पोलिसांना नाही.
सोसायटीच्या हापिसात दोघांना बसवलं, खुर्च्या तिरप्या,
समोरासमोर नाही, हेही शिकलेलंच.
सुपडूभाऊ म्हणाले, तू कायले मधात पडते, पोरी?
तुले पगार कोन देते?
बाहेरची एक संस्था, मी म्हटलं.
म्हंजे त्याहीले आमच्या भांडनाची गरज हाय.

याचा तास झाला नव्हता.
मी वही मिटली. म्हटलं, चला, बाग तर दाखवा.

उन्हात चिकाचा वास, पानं वाळून कडकडीत.
खोडं कमरेएवढ्यावर छाटलेली, आणि प्रत्येकाच्या मधोमध
वीतभर वर आलेला पांढुरका कोंब,
कापलंय हे अजून कळलंच नाही असा.
आम्ही तिघं. मधे दोन सरी.
मी बांधाला पाय टेकवून उभी राहिले, काही न बोलता.
किती वेळ, मोजलं नाही.
लांब कुठेतरी मोटर सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू झाली.

मग लीलाधर, जमिनीकडे बघत:
हे ठेवू नको. याले घड धरत नाही.
बाजूचं पील ठेव.

सुपडूभाऊंनी मान वळवली नाही.
कोन्तं? म्हणाले.

लीलाधरनं चपलेच्या टोकानं दाखवलं.

बस, एवढंच. पाइपलाइनचं तसंच आहे,
केस तशीच आहे, दोघांच्या बायका
दळणाला वेगवेगळ्या वेळी जातात.
अहवालात एक रकाना आहे: मिटलेले वाद, संख्या.
शून्य लिहू की एक, बांना विचारलं.
ते पावत्यांचा गठ्ठा लावत होते, मला वाटलं ऐकलंच नाही.
मग म्हणाले, पील कोणत्या बाजूचं ठेवलं?

पिलबाग निसवायला अजून आठ-नऊ महिने.
अहवालाची मुदत शुक्रवारपर्यंत.