चौऱ्याऐंशी भुतं

गेल्या वर्षी आम्ही दिवा लावलाच नाही.
हॅलोविनला पोर्चवर अंधार
म्हणजे या घरी काही मिळायचं नाही,
हे हॅझेल स्ट्रीटवरचं शेंबडं पोरसुद्धा जाणतं.
टीव्हीचा आवाज बंद करून
एमिल आणि मी बसून राहिलो,
देणेकरी दारात आल्यासारखे.
पावलं फाटकापर्यंत यायची,
थबकायची,
आणि वाळक्या पानांवरून पुढे जायची.

या वर्षी सप्टेंबरातच हिशेब मांडला.
डॉलरच्या दुकानातून लॉलिपॉपच्या तीन पिशव्या,
एकेकीत अठ्ठावीस.
दोरा घरचाच.
टिश्यूचं म्हणाल तर,
एमिलचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा,
चार-चार तास मी त्या खुर्चीपाशी,
तिथल्या खोक्यातून दर खेपेला तीन, कधी चार
पर्समध्ये सरकवले.
चोरी म्हणा हवं तर.
रडणाऱ्यांसाठी ठेवतात ते.
मी रडले नाही, म्हणून माझ्या वाटचे उरले.

भूत करायला फार अक्कल लागत नाही.
लॉलिपॉपच्या डोक्यावर टिश्यू टाकायचा,
मानेशी आवळायचा,
दोऱ्याचे तीन वेढे, गाठ,
खालचा घेर जरा फुलवायचा.
आतलं वेष्टन मात्र फाडायचं नाही.
घरी केलेलं काही हल्ली आया पोरांना खाऊ देत नाहीत.
माझी आई मक्याच्या लाह्यांचे लाडू वळायची,
पाक गरम असतानाच, हाताला लोणी चोपडून.
आज वाटले
तर पहिल्याच कचऱ्याच्या डब्यात जातील.
असो.

डोळे काढायचं काम एमिलकडे.
छत्तीस वर्षं त्यानं पोलादाच्या पत्र्यांवर
खडूनं आकडे घातले, ओळंब्यात.
आता हात थरथरतो.
म्हणून आमची भुतं घाबरट निघाली:
एकाचा डोळा कानाशी,
एक ठार तिरळं,
एकानं एवढा मोठा आ केलेला,
जणू त्यालाच कुणी भूत दाखवलंय.
एकाहत्तराव्याला मार्कर संपला.
"राहू देत तशीच," मी म्हटलं.
"आंधळ्यांना कोण नेईल, व्हर्ना?"
काडेपेटीतली काडी जाळून, विझवून,
त्यानं उरलेल्या तेरांना काजळ घातलं.

भोपळ्याचा भाव ऐकून परत फिरलेली मी.
कोबीचे तीन गड्डे घेतले,
त्यांनाच भुतं टोचली,
आणि सहाच्या ठोक्याला दिवा लावला.

पहिली आली ती कोपऱ्यावरच्या ग्रिग्सबींची नात,
अंगभर अॅल्युमिनियमचा कागद,
अंतराळवीर म्हणे.
पाच मिनिटं निवडत बसली,
मागे रांग खोळंबलेली.
शेवटी तिरळं उचललं.
"हे माझ्याकडे बघतंय," म्हणाली.
मागचा चाचा ओरडला, "नाही, माझ्याकडे!"
दोघांचंही खरं होतं.

आठ वाजून दहा मिनिटांनी
कोबीवर नुसती भोकं.
मी उठले, दिवा मालवला.
तोच अंधार, तोच कोच,
टीव्ही मात्र मोठ्यानं लावला.

पुढे आठवडाभर कोबीच खाल्ला.

एक भूत एमिलनं खिशात दडवलं होतं.
सोमवारी सुई टोचायला आलेल्या नर्सला
त्यानं ते ऐटीत काढून दिलं.
तिनं ते उलटंपालटं केलं,
घेर बोटांनी चाचपला,
मग माझ्या पर्सकडे पाहिलं.
"कापड ओळखीचं वाटतंय," म्हणाली,
आणि खोका
माझ्या बाजूला जरा सरकवून ठेवला.